आठ बटणांची पोच

१

खटपट्याला घरचे खटपट्या म्हणत ते काही उगाच नाही. सातव्या वर्षी त्याने भिंतीवरचं घड्याळ उघडलं, पुन्हा जोडलं, आणि घड्याळ सुरूही झालं. फक्त दोन चाकं शिल्लक राहिली. ती चाकं थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, आईच्या नजरेला पडू नयेत म्हणून आपल्या कंपासपेटीत दडवली. त्या दिवसापासून अक्काला दिलेला शब्द त्याने कधी मोडला नाही. तिचं ऐकलं मात्र कधी नाही. तिने बस म्हटलं की हा उभा राहायचा.

आता त्याचं वय अठ्ठावन्न आणि चौकात रिमोटचं दुकान. तुटलेले, भिजलेले, कुत्र्याने चावलेले, सगळ्या तऱ्हेचे रिमोट त्याच्याकडे येत. पण गेला आठवडाभर दुकानात कोण येतंय, कोण जातंय याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो अक्कासाठी एक रिमोट बनवत होता आणि लहान पोराला नवी सायकल मिळावी तसा हरखला होता.

अक्काच्या डोळ्यांचं असं झालं होतं की समोरचं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. तुमच्याकडे बघायचं तर ती तुमच्या खांद्यापलीकडे बघायची. स्वयंपाक, आंघोळ, कपडे, सगळं सवयीने नीट चालायचं. घोडं अडायचं ते रिमोटपाशी. टीव्हीचा एक, टीव्हीच्या डब्याचा एक, पंख्याचा, दिव्याचा, एसीचा. पाच रिमोट आणि सगळे काळे. मागच्या महिन्यात तिने टीव्हीचा आवाज कमी करायला म्हणून बटण दाबलं आणि तो वाढला. मग ती एकामागून एक रिमोट दाबत गेली. दिवा गेला, पंखा थांबला, एसी लागला, आणि टीव्ही बोंबलतच राहिला. दोन तास ती कानांवर हात ठेवून बसली होती. शेवटी शेजारणीने अक्काच्या मुलाला फोन केला.

मुलगा तसा गुणाचा. आईवर जीव टाकणारा. त्याने शांतपणे सांगितलं, "आई, रविवारी अकराला येतो. तुला सगळं एकटीने चालवता येतंय असं मला दिसलं तर ठीक. नाहीतर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. हे घर बंद करू."

अक्काने त्याला "बरं" म्हटलं आणि लगेच खटपट्याला फोन लावला. "मला इथून हलवू देऊ नकोस रे," ती म्हणाली. "इथे मला अंधारातसुद्धा सगळं सापडतं. दुसऱ्याच्या घरात मी खरी आंधळी होईन."

"हलवतो कोण? मी बसलोय ना," खटपट्या म्हणाला. झालं, शब्द दिला गेला.

२

शुक्रवारी दुपारी तो पिशवी घेऊन हजर झाला. पिशवीत नवा रिमोट होता, शिकवण्याचं वरचं एक बटण सोडलं तर आठच बटणांचा, प्रत्येक बटण बिस्किटाएवढं. प्रत्येकावर त्याने गोंदाचे थेंब सुकवून उंचवटे केले होते. एक थेंब टीव्ही, दोन थेंब पंखा, तीन दिवा, चार एसी, आणि आवाज आणि चॅनेलच्या चार बटणांवर आडव्या-उभ्या रेघा.

"हा शिकणारा रिमोट," त्याने अक्काला सांगितलं. "याला स्वतःला काही येत नाही. आपण शिकवायचं. वरचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की लाल दिवा लागतो, म्हणजे हा कान टवकारून बसला. मग यातलं एक बटण दाबायचं, आणि जुना रिमोट नाकासमोर धरून त्याचं बटण दाबायचं. लाल दिवा दोनदा लुकलुकला, की शिकला. मग पुढचं. सगळं झालं की वरचं बटण पुन्हा दाबायचं, शाळा सुटली."

"माझ्या शाळेत एवढं सोपं नव्हतं," अक्का म्हणाली आणि आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसली. खुर्चीचा हात ती कुरवाळत होती. घाबरली की तिची ती सवय.

जेवणाच्या टेबलावर खटपट्याने दोन रिमोट नाकाला नाक लावून ठेवले. वरचं बटण धरलं, लाल दिवा लागला. एका थेंबाचं बटण दाबलं. टीव्हीचा जुना रिमोट उचलण्यासाठी त्याने हात पुढे केला, तेवढ्यात लाल दिवा दोनदा लुकलुकला.

रिमोट शिकला होता. शिकवलं मात्र कुणी नव्हतं.

खटपट्या हसला. हे त्याने हजारदा पाहिलं होतं. रिमोटचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण तो असतो प्रकाशच, आणि त्याच जातीचा प्रकाश उन्हात असतो, ट्यूबलाइटमध्ये असतो. शिकायला बसलेला रिमोट कधी कधी खिडकीकडूनच काहीतरी उचलतो. त्याने पडदे ओढले, दिवा बंद केला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हात पोचायच्या आत दोन लुकलुक.

"काय रे, अडलं का?" अक्काने विचारलं.

"अडतंय कसलं. विद्यार्थी जरा जास्तच हुशार आहे."

त्याने अक्काचा चपलांचा एक रिकामा खोका मागितला. खोक्याच्या आत दोन्ही रिमोट ठेवले, वरून टॉवेल टाकला आणि हात आत घालून एकेक बटण शिकवलं. आता दिवा शहाण्यासारखा वागला. जुनं बटण दाबल्यावरच लुकलुकायचा, आधी नाही. अर्ध्या तासात आठही बटणं झाली. टीव्ही लागला, पंखा फिरला, दिवा गेला नि आला. अक्काने थेंब चाचपत स्वतः सगळं करून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

खटपट्या घरी गेला तो शीळ घालत. खोक्यात जे घडलं नाही ते टेबलावर का घडत होतं, एवढाच एक प्रश्न होता. पण आनंदाच्या भरात त्याने तो चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवला.

३

शनिवारी सकाळी तो दुकानाचं शटर वर करत होता तोच अक्काचा फोन.

"अरे, फारच छान चाललाय रिमोट. काल संध्याकाळी मी दोन तास सराव केला, सगळी बटणं पुन्हापुन्हा दाबून. आता एकही चूक होत नाही. आणि तो आवाज घातलास ते बरं केलंस."

"कुठला आवाज?"

"दाबलं की 'पिक्' होतं ना. मला कळतं, पोचलं म्हणून."

खटपट्याच्या हातातलं शटर अर्ध्यावर राहिलं. एसीसारखं यंत्र हुकूम मिळाल्यावर असा आवाज करतं, त्याला दुकानात सगळे पोच म्हणत. पोच यंत्र देतं. रिमोट देत नाही. आणि हा रिमोट त्याने स्वतः उघडून पाहिला होता. त्यात आवाज करेल असा एकही भाग नव्हता.

दुसरा कुणी असता तर विचारात पडला असता. खटपट्याला आनंद झाला. तीस वर्षांत न पाहिलेला बिघाड! त्याने शटर पुन्हा खाली ओढलं, जुना लॅपटॉप आणि रिमोटचं बोलणं वाचणारं छोटं यंत्र पिशवीत टाकलं आणि पंधरा मिनिटांची वाट आठ मिनिटांत कापली.

टेबलावर बसून त्याने एकेक बटण वाचलं. प्रत्येक बटणाचा संकेत पडद्यावर आकड्यांच्या ओळीत उमटतो. टीव्हीची ओळ वेगळी, पंख्याची वेगळी. इथे पहिली ओळ आली ती त्याच्या ओळखीची नव्हती. दुसरी आली, तीही तीच. तिसरीही. आठही बटणांवर एकच संकेत होता, आणि तो पाचही रिमोटांपैकी कुणाचाच नव्हता. उन्हातून उचललेला कचरा दर वेळी वेगळा आणि फाटका असतो. ही ओळ अगदी स्वच्छ होती. जणू कुणी सावकाश, नीट, पुन्हापुन्हा सांगितली असावी.

"अक्का, काल सराव करताना वरचं बटण धरून ठेवलं होतंस का?"

"असेल. बोटाला मोठं लागलं म्हणून धरलं असेल थोडा वेळ."

म्हणजे ते कोडं सुटलं. लाल दिवा तिला दिसला नाही, रिमोट शिकायला बसला, आणि ती आठही बटणं दाबत गेली तशी आठही पुन्हा शिकली. पण कुणाकडून?

"आणि आता टीव्ही लावून दाखव बरं."

अक्काने एक थेंब चाचपला. "लाव बाई टीव्ही," असं नेहमीसारखं स्वतःशीच पुटपुटली आणि बटण दाबलं. पिक्. टीव्ही लागला.

खटपट्याने रिमोट घेतला आणि तेच बटण दाबलं. पिक्, एवढंच. टीव्ही बंद झाला नाही. त्याने अक्काच्या हातात दिला. "जरा पंखा," ती म्हणाली, पिक्, आणि पंखा गरगरू लागला. याने दाबलं, पिक्, आणि पंखा आपला फिरतोच आहे.

एकटं राहणारं माणूस स्वतःशी बोलतं, त्यात नवल नाही. खटपट्याच्या डोक्यात प्रकाश पडला तो त्यावरूनच. त्याने मुद्दाम पंख्याचं बटण सोडून आवाजाचं धरलं, आणि दाबता दाबता मोठ्याने म्हणाला, "पंखा बंद."

पिक्. पंख्याची पाती मंदावली आणि थांबली.

"अक्का, अगं हे भलतंच आहे," खटपट्या म्हणाला, आणि खरंच टाळी वाजवली. त्याच्या अंगावर काटा आला होता, पण तो सुखाचा आहे अशी त्याची त्या क्षणी ठाम समजूत होती.

४

त्याचा हिशेब सरळ होता. घरात कुठेतरी एक डबी आहे. बोलणं ऐकते, रिमोटचा इशारा मिळाला की ऐकलेलं काम करते. पंख्याला पंख्याचा संकेत, टीव्हीला टीव्हीचा. अशा डब्या बाजारात मिळतात. भाच्याने आईला न सांगता बसवली असणार. त्याने लागलीच भाच्याला फोन केला.

"मी? नाही मामा. असलं काही नाही बसवलं. का?"

"सहज रे. उद्या ये, बघशील गंमत."

मग आधीच्या मालकाने बसवली असेल. आता फक्त शोधायची. आणि इथे खटपट्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. रिमोटचा प्रकाश भिंतीतून जात नाही, कोपऱ्यावरून वळत नाही. ज्याला तो मिळतो ते समोर असावंच लागतं. त्याला रिमोट दिसावा लागतो.

त्याने काळ्या कागदाची लांब नळी केली, रिमोटच्या तोंडाला चिकटवली, म्हणजे प्रकाश बंदुकीच्या गोळीसारखा एकाच दिशेने जाईल. मग खोलीच्या मध्यावर उभा राहून एकेक जागा टिपू लागला. टीव्हीची भिंत, काही नाही. शोकेस, काही नाही. छताचे चारही कोपरे, खिडकीची चौकट, एसीच्या वरची धूळ, कुठेच काही नाही. अर्धा तास गेला. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला आणि तोंडातली शीळ काही थांबेना.

शेवटी कंटाळून त्याने नळी खाली घेतली, आणि ती खाली येता येता त्याच्या बोटाने बटण दाबलं गेलं.

पिक्.

नळी शोकेस आणि टेबल यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे होती. तिथे काही नव्हतं. मागे कोरी भिंत होती. त्याने बाजूने जाऊन दुसऱ्या कोनातून तीच जागा टिपली. पिक्. म्हणजे भिंत नाही. भिंतीच्या अलीकडे, हवेत, छातीच्या उंचीवर.

"आरसा," खटपट्या मोठ्याने म्हणाला. शोकेसच्या काचेवरून प्रकाश उडत असणार. त्याने काचेवर चादर टाकली, आणि खुणेसाठी त्या जागेच्या खाली फरशीवर दुकानातलं गोल लाल स्टिकर चिकटवलं. पुन्हा टिपलं. काही नाही. जागा बदलली होती. चार-पाच मिनिटं इकडेतिकडे नेम धरल्यावर पुन्हा सापडली, दीड हात पलीकडे. दुसरं स्टिकर. मग तिसरं. मग चौथं. लपाछपीत दुसऱ्याच्या पायांचा आवाज ऐकू यावा तशी मजा त्याला वाटत होती. सातवं स्टिकर लावून तो मागे सरला तेव्हा त्याला ती रांग दिसली. शोकेसपासून निघालेली लाल टिंबं टेबलाला वळसा घालून अक्काच्या खुर्चीच्या पाठीमागे गेली होती.

अक्का खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. "सापडली का रे डबी?"

"सापडतेय. अक्का, तुला इथे काही दिसतं का? खुर्चीच्या मागे?"

"ते होय," अक्का म्हणाली, अगदी सहज. "ते माझ्या डोळ्यांचं आहे. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय, डोळे असे झाले की नसलेलंसुद्धा दिसतं, घाबरायचं नाही. मी नाही घाबरत. कडेला असतं. मान वळवली की नसतं."

"दिसतं कसं?"

अक्काने दोन वाटाणे वाडग्यात टाकले. "वाकलेलं," ती म्हणाली. "कुणी कान देऊन ऐकावं ना, तसं."

५

खटपट्याने स्वतःला समजावलं की डॉक्टर खोटं कशाला सांगतील. आणि हातात उपाय होता. रिमोटचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाईलच्या कॅमेऱ्यात फिकट जांभळा दिसतो. त्याच्या जुन्या मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात तर अगदी स्वच्छ. दुकानात रोज तो असंच तपासायचा. रिमोट कॅमेऱ्यासमोर धरायचा, जांभळा ठिपका लुकलुकला की रिमोट जिवंत. डबी जर पंख्याला संकेत पाठवत असेल तर तो ठिपका तिच्याही तोंडाशी दिसणारच.

अडचण एकच. पुढच्या कॅमेऱ्यात बघायचं तर आरशात बघतो तसं, पाठ करून उभं राहावं लागणार.

तो खुर्चीकडे पाठ करून उभा राहिला आणि मोबाईल चेहऱ्यासमोर धरला. पडद्यावर त्याचं स्वतःचं घामेजलेलं तोंड, त्याच्या खांद्यावरून मागे अक्का, मांडीवर वाडगा, हातात रिमोट. खिडकीतून दुपारचं ऊन. खोली अगदी रोजच्यासारखी होती.

"अक्का, पंखा लाव."

"लाव बाई पंखा," अक्का म्हणाली. तिच्या हातातल्या रिमोटच्या तोंडाशी जांभळा ठिपका लुकलुकला. पिक्. आणि तिच्या उजव्या खांद्याच्या वर, वीतभर अंतरावर, दुसरा ठिपका लुकलुकला. अगदी मंद. वर पंख्याकडे तोंड केलेला.

खटपट्याला आनंद आवरेना. मिळाली. हवेत लटकलेली का असेना, मिळाली. आता फक्त नीट दिसायला हवी. अक्काने मान कलती केली होती, तिच्या केसांनी ती जागा झाकली जात होती. ती फोटोला कधीच सरळ बसत नसे. जन्मभर सांगत आला होता तसंच तो उत्साहाच्या भरात म्हणाला, "अक्का, इकडे बघ."

आणि अक्काच्या हातून बटण दाबलं गेलं.

पिक्.

अक्का हलली नाही. तिच्या खांद्यावरचा ठिपका हलला. तो मंद होता तो हळूहळू उजळत गेला, उजळत उजळत पांढरा झाला, पडद्यावर भप्पकन पसरला. रिमोटचं काम केलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाजूने बघितलं तर तो प्रकाश मंदच दिसतो. त्याचं तोंड सरळ आपल्याकडे वळलं, तरच इतका प्रखर होतो.

मग तो वर सरकला. वाकलेलं माणूस सरळ होतं तसा. अक्काच्या डोक्याच्या वर गेला, खिडकीच्या चौकटीच्या वर गेला, पडद्याच्या दांडीच्या वर गेला, आणि छताला टेकता टेकता थांबला. तिथून तो खटपट्याच्या पाठीकडे बघत होता.

खटपट्या गर्रकन वळला. खुर्ची, अक्का, वाडगा, ऊन. वर पंखा फिरत होता.

"काढलास का फोटो?" अक्काने त्याच्या खांद्यापलीकडे बघत विचारलं.

खटपट्याची सगळी मजा तिथे संपली. त्याला आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट उघडून बघावीशी वाटली नाही. त्याने घाईघाईने खोका काढला, टॉवेल टाकला आणि आठही बटणं पुन्हा नीट शिकवली. मग तोंड घट्ट मिटून एकेक तपासलं. टीव्ही लागला, पंखा थांबला, दिवा गेला. पिक् कुठेच नाही. त्याचा जीव थोडासा भांड्यात पडला.

"अक्का, आजच्या दिवस माझ्याकडे चल. घरात काहीतरी आहे."

"तुझ्याही डोळ्यांना झालं का? वयच आहे म्हणा," अक्का हसली. मग तिने हसणं आवरलं आणि खुर्चीचा हात कुरवाळू लागली. "उद्या अकराला तो येणार. मी दुसरीकडे झोपले हे त्याला कळलं तर संपलंच. तू शब्द दिलायस. आता मागे फिरू नकोस."

६

रविवारी तो अकराला दहा कमी असतानाच पोचला. रात्रभर त्याने स्वतःशी वाद घातला होता. मोबाईलची काच तेलकट होती. उन्हाची तिरीप होती. पंख्याच्या पात्यावरून प्रकाश उडाला असेल. यातलं थोडंफार त्याला पटलंही होतं, आणि मुख्य म्हणजे रिमोट आता सरळ झाला होता.

दार उघडणारी अक्का नवी साडी नेसून, केस विंचरून तयार होती. "बरं झालं आलास," ती म्हणाली. "काल तू गेलास आणि आवाज बंदच झाला बघ. किती चुकल्यासारखं झालं मला. पोचलं की नाही कळेच ना. मग मी तू करतोस तसं वरचं बटण धरलं, एकेक बटण दाबलं, आणि रिमोट जरा बाजूला, कडेला धरला. लगेच शिकला रे. आता होतं पुन्हा."

खटपट्याने रिमोटसाठी हात पुढे केला तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

भाचा आला तो चेहरा पाडूनच. आईला इथून न्यावं लागणार याचं त्याला स्वतःलाच वाईट वाटत होतं, आणि मोठी रिकामी बॅग त्याने दाराशीच ठेवली. फरशीवरची लाल टिंबं बघून त्याने "हे काय?" विचारलं, तर अक्का म्हणाली, "मामाचे उद्योग." मग ती खुर्चीत ताठ बसली. शाळेत तोंडी परीक्षेला बसावं तशी.

"टीव्ही लाव आई."

"लाव बाई टीव्ही." पिक्. टीव्ही लागला.

"आवाज कमी." पिक्. "चॅनेल बदल." पिक्. "दिवा. पंखा. एसी चोवीसवर." पिक्, पिक्, पिक्. एकही चूक नाही. अक्काचा अंगठा बटणांवर नुसता ठेवल्यासारखा होता. तो कुठल्या बटणावर आहे ते बघायची भाच्याला गरज वाटली नाही. खटपट्या बघत होता. ती सगळा वेळ एकच बटण दाबत होती.

"आवाजाची सोय छान केलीस मामा," भाचा म्हणाला. त्याचा चेहरा खुलत चालला होता. त्याने आणखी दोनदा सगळं करून घेतलं आणि मग आईच्या पायाशी बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. "राहा तू इथेच. मला किती काळजी वाटत होती माहितीये? आज किती दिवसांनी मी सुखाने झोपेन. मी आता मुळीच म्हणणार नाही, चल म्हणून. अगदी कधीच नाही."

अक्का रडत होती आणि हसतही होती. एका हाताने मुलाचे केस कुरवाळत होती, दुसऱ्या हातात रिमोट होता. खटपट्याने तिला एवढं सुखी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बोललो तर मी हिचं घर मोडणार, आणि नाही बोललो तर हिला इथे त्या वाकलेल्याजवळ एकटी सोडणार. त्याने एक क्षण विचार केला आणि ठरवलं. अक्का जन्मभर अबोला धरील, धरू दे.

"अरे, थांब," तो भाच्याला म्हणाला. "ती बॅग आत आण. तुला एक सांगायचंय, या घरात..."

"गप्प बस रे तू," अक्का लाडाने म्हणाली. "आता एक शब्द बोलू नकोस."

तिचा अंगठा बटणावर होता.

पिक्.

आवाज खुर्चीमागून आला नाही. तो खटपट्याच्या डाव्या कानाशी आला, आणि जरा वरून.

त्याचं तोंड उघडंच होतं. जीभ जागेवर होती, श्वास चालू होता, बोलायचं काय तेही त्याला पाठ होतं. त्याने जोर लावला. गळ्याच्या शिरा फुगल्या. खोलीत फक्त पंख्याचा आवाज येत राहिला.

"काय मामा? काय सांगत होतास?" भाच्याने विचारलं. खटपट्याच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी बघून तोही गहिवरला, उठून आला आणि त्याने मामाला मिठी मारली. "कळलं मला," तो म्हणाला. मग त्याने रिकामी बॅग उचलून खांद्याला लावली.

अक्का मान कलती करून कडेला, खटपट्याच्या मागे वर कुठेतरी बघत होती. तिच्या चेहऱ्यावर फार समाधान होतं.

"बघ ना," ती मुलाला म्हणाली. "लहानपणापासून कधी ऐकलं नाही माझं. आणि आज कसा गुणी झालाय."